चार वाजताची भूक

प्रश्न

नमस्कार ताई. आम्ही इंदूरला सुदामानगरमध्ये राहतो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. मी नोकरी करते, घरी पोचायला सात वाजतात. मुलं दोनच्या सुमाराला शाळेतून येतात, पोळी-भाजी कशीबशी खातात आणि चारला जे चरायला लागतात ते रात्रीपर्यंत. सेवेचा डबा, बिस्किटं, चिप्सचा पुडा, मध्येच पाकिटातले नूडल्स. रात्री नऊला ताटावर बसवलं की भूकच नसते. सासूबाई प्रेमाने देतात. काही म्हटलं की, "आम्हीही सेव खाऊनच मोठे झालो." मी नेटवर बघून ओट्सच्या कुकीज केल्या, किन्वाची टिक्की केली, मुलांनी तोंडही लावलं नाही. खजुराचे लाडू तेवढे खातात. मागच्या महिन्यात मुलीचं हिमोग्लोबिन १०.४ आलं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलंय आणि खाण्याकडे लक्ष द्या म्हणाले. मुलं खातील असा पौष्टिक घरचा खाऊ सुचवा, आणि सासूबाईंना न दुखवता हे कसं जमवू तेही सांगा. आणखी एक, घरी येणारा प्रत्येक पाहुणा अर्धा किलो नमकीन घेऊन येतो, त्याचं काय करू?

— एक आई

उत्तर

चार वाजता तुमच्या मुलांना लागते ती भूक खरी आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. पहाटे उठून शाळेच्या बसमध्ये बसलेलं पोर दोनला दमून घरी येतं, तेव्हा त्याला जेवण जात नाही. जरा लोळून झालं, थकवा उतरला की मग पोट मागायला लागतं. लहान मुलांचं पोटही लहान, एका वेळी थोडंच मावतं, त्यामुळे दोन जेवणांच्या मध्ये त्यांना काहीतरी लागतंच. ही वाईट सवय नाही. तुमच्याकडे बिघडलंय ते एवढंच, की या भुकेला जे मिळतं ते डब्यातून आणि पुड्यातून मिळतं आणि ते कधी संपतच नाही.

म्हणून पदार्थांच्या आधी वेळ ठरवा. चार ते साडेचार खाऊ, आणि तो ताटलीत वाढून, एका जागी बसून, समोर टीव्ही-मोबाइल नाही. ताटली संपली आणि आणखी हवं असलं तर त्यातलंच आणखी. त्यानंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. रात्रीचं जेवण नऊवरून आठला आणता आलं तर फार बरं, कारण पाच वर्षांची मुलगी नऊला पेंगायला लागते आणि पेंगणारं मूल जेवत नाही. पहिले काही दिवस सहाच्या सुमाराला कुरकुर होईल. त्या वेळी काकडी नाहीतर गाजर हातात द्या. खरी भूक असेल तर खातील, नुसती चाळवाचाळव असेल तर खेळायला पळतील.

आता त्या ताटलीत काय असावं? मधल्या वेळचं खाणं म्हणजे छोटं जेवण आहे असं धरून चाला. पोटाला आधार देणारं धान्य, त्याच्या जोडीला डाळ, दाणे, दही किंवा (घरात चालत असेल तर) अंडं, आणि एखादं फळ किंवा कच्ची भाजी. एवढं जुळलं की नाव कुठलंही असो. तुमच्या कुकीज आणि किन्वा मुलांनी नाकारले याचं मला नवल वाटत नाही. ती चव त्यांच्या ओळखीचीच नाही. इंदूरच्या मुलांची जीभ पोहे, मका, लिंबू, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) यांवर तयार झालेली असते. तिथूनच सुरुवात केली तर निम्मं काम झालं.

आता सेव. सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बेसन हे हरभऱ्याच्या डाळीचं उत्तम पीठ आहे, त्यात प्रथिनं आहेत. पण ते तळलं की चित्र बदलतं. पाकिटावरचा तक्ता वाचा, १०० ग्रॅम सेवेत साधारण ३५ ते ४५ ग्रॅम चरबी दिसेल. म्हणजे वाटीभर सेवेत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेलच, आणि वर मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आत मीठ सांगते. मुलांना त्याहूनही कमी हवं. डब्यात हात घालून सेव खाणाऱ्या मुलाचं मीठ किती झालं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्यात सेव तोंडात विरघळते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, आणि तोवर रात्रीच्या पोळीची जागा गेलेली असते.

तरी सेव घरातून हद्दपार करा असं मी सांगणार नाही. इंदुरात राहून ते जमणारही नाही. सेव ही वरून भुरभुरायची वस्तू आहे, पोह्यांवर, उसळीवर, टोमॅटोच्या भाजीवर. एक चमचा. बस, एवढा एकच नियम करा: सेव नुसती खायची नाही, कशावर तरी घालूनच खायची. मुलांना हा नियम लगेच कळतो, आणि सासूबाईंच्या सेवेचा अपमानही होत नाही.

यातूनच पहिला खाऊ निघतो तो म्हणजे सेव-परमल. महाराष्ट्रातले वाचक ज्याला मुरमुरे म्हणतात ते आपल्याकडचं परमल. नुसतं परमल हलकं असतं, तासाभरात पुन्हा भूक लागते. म्हणून दोन वाट्या परमल कोरडंच भाजून कुरकुरीत करा, त्यात अर्धी वाटी फुटाणे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर घाला, भरपूर लिंबू पिळा आणि वर चमचाभर सेव. दोन्ही मुलांचं होतं. परमल आधीच भाजून ठेवलं तर दुपारी गॅसपाशी उभं राहावं लागत नाही, त्यामुळे आजींनाही सोपं. यात खरं बळ फुटाण्यांचं आहे. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांतून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशींप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १६ ग्रॅमच्या आसपास आहे. शेंगदाणे-फुटाणे खाताना मात्र मुलगी बसलेली असू दे. धावत, हसत, लोळत खाताना दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. घरी चार वर्षांखालचं कुणी पाहुणं मूल आलं तर त्याला अख्खे दाणे देऊच नका, कूट करून द्या.

पोहे तर आहेतच. आपल्या दुकानांतले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे ते मऊ राहतात. घरीही झाकण ठेवून चांगली वाफ आणली तर तेल चमचाभरात भागतं. त्यात मटार, शेंगदाणे, कधी मोड आलेले मूग टाका. मूग आदल्या दिवशी वाफवून ठेवले की पाच मिनिटांचं काम. जिलबी रविवारची. दुपारी गॅस पेटवायचाच नसेल तर दडपे पोहे करायला सांगा: पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, टोमॅटो, लिंबू, दाणे, सगळं कालवून अर्धा तास दडपून ठेवायचं. फोडणी सकाळीच करून वाटीत ठेवलेली चालते. आणि सकाळच्या पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी. दाण्याचं कूट आणि किसलेलं गाजर घालून केलेली फोडणीची पोळी दह्याबरोबर द्या. जेवताना पोळीला नाक मुरडणारी मुलं हीच पोळी चाटूनपुसून खातात.

पावसाळ्यात मात्र भुट्ट्याचा कीस व्हायलाच हवा. माळव्यात जन्माला आलेल्या मुलाला याहून चांगला खाऊ मला तरी सुचत नाही. नख लावल्यावर दूध निघेल अशी चार कणसं घ्या, किसणीवर किसा. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, जिरं, हिंग, हळद, मुलांपुरती अर्धी हिरवी मिरची, आलं. त्यात कीस घालून मंद आचेवर परतत राहायचं, हात थांबवायचा नाही, नाहीतर तळाला धरतो. रंग पालटला, कच्चा वास गेला की पाऊण कप दूध थोडं थोडं घालत शिजवायचं. दूध मुरून कीस मऊ, मोकळा झाला की मीठ, लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. बाहेर मिळतो त्यात तूप सढळ असतं, घरी इतकं लागत नाही. सुट्टीच्या दिवशी जरा जास्त करून फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी दुधाचा हबका मारून गरम होतो. दूध असल्यामुळे पावसाळी हवेत बाहेर ठेवू नका. कणीस सोलणं, दाणे काढणं, लिंबू पिळणं ही कामं मुलांना द्या. हात लागला की तोंड लागायला वेळ लागत नाही.

हिवाळ्यात गराडू, म्हणजे आपल्याकडचा एक कंद. सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) तो तळूनच मिळतो आणि त्या वेळी तो तसाच खावा. घरी मात्र उकडून घेऊन, फोडी करून, तव्यावर थोड्या तेलात खरपूस करा. वर लिंबू आणि जीरावन. जीरावनात मीठ असतं, तेव्हा फोडींना वेगळं मीठ नको. कच्चा गराडू सोलताना हाताला खाज सुटते, तेल लावून घ्या. थालीपिठाची भाजणी तुम्ही एका रविवारी करून ठेवलीत तर महिनाभर पुरते. तळहाताएवढी छोटी थालीपिठं लावली तर मुलांना ती आपली वाटतात.

खजुराच्या लाडवांबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे बऱ्याच आया फसतात. तो लाडू घरचा आहे, त्यात सुका मेवा आहे, सगळं खरं. पण खजुराचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच असतं आणि त्यात गूळही पडला असेल तर ती मिठाईच झाली. गुळातलं लोह मुलीचं हिमोग्लोबिन वाढवेल या भरवशावर राहू नका. जेवढा गूळ मुलाने खावा तेवढ्यातून मिळणारं लोह अगदी थोडं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात गूळ आणि मध साखरेतच मोजले जातात, आणि ही सगळी मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी. पाच वर्षांच्या मुलीसाठी ती कमाल मर्यादा ३५ ग्रॅमच्या आसपास, साधारण सात चमचे. दुधात घातलेली साखर, बिस्किटातली, जॅममधली, सगळी त्यातच. तेव्हा लाडू सुपारीएवढा वळा, दिवसाला एक, आणि तो खाऊच्या ताटलीतच द्या. नंतर चूळ भरायला लावा, खजूर दातांना चिकटून राहतो.

बिस्किटांचं पाकीट घेताना समोरचं चित्र बघू नका, मागे वळवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे. समोर मोठ्या अक्षरात 'मल्टिग्रेन' आणि मागे पहिलं नाव मैद्याचं, त्यामागे साखर आणि पाम तेल असं दिसलं तर तुम्ही मैदा-साखर-तेलच विकत घेताय. दुधात घालायच्या पावडरीचंही तेच, साखर कितव्या नंबरवर आहे ते बघा. चिप्सबद्दल फार लिहीत नाही. भारतात २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायला बंदी घातली आहे. मग घरात त्याचा साठा कशाला? पंधरा दिवसांतून एकदा बाहेर गेल्यावर छोटं पाकीट घेतलं, तिथे संपलं, एवढं पुरे. नूडल्स कधीतरी करायचेच झाले तर मसाल्याची पुडी निम्मीच वापरा आणि भाज्या नूडल्सइतक्याच घाला.

आता मुलगी, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. १०.४ म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. ती एकटी नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगतील तितके दिवस पूर्ण द्या. खाण्याने औषधाची जागा भरून निघत नाही. चेहरा टवटवीत दिसायला लागला म्हणून मध्येच बंद करू नका. औषध दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नका, त्याने लोह कमी शोषलं जातं.

खाऊच्या ताटलीचा इथे मोठा उपयोग होतो. डाळी, हरभरे, धान्य यांतलं लोह शरीर सहज घेत नाही, पण सोबत क जीवनसत्त्व असलं की बरंच जास्त घेतं. म्हणून वर बऱ्याच पदार्थांत मी लिंबू लिहिलंय, ते चवीपुरतं समजून वगळू नका. हिवाळ्यात याहून सोपा उपाय म्हणजे जाम. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: इंदुरात पेरूला जाम म्हणतात.) जामात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं आणि तो स्वस्तही. फुटाणे आणि जामाच्या फोडी, एवढाच खाऊ आठवड्यातून दोन-तीनदा झाला तरी मी खूश होईन. बिया चावायला त्रास होत असेल तर मधला गर काढून द्या. पावसाळ्यात जाम नसेल तेव्हा लिंबू, टोमॅटो, आवळ्याचे दिवस आले की आवळा.

आणि मुलीला चहा देत असाल तर तो बंद करा. आजी-आजोबांच्या कपातला दोन घोट चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट, हे आपल्या घरोघरी चालतं. चहातला तुरटपणा लोह शोषू देत नाही, आणि हा चहा नेमका चारच्या खाऊबरोबरच येतो. दूध चांगलं, पण दिवसाला दोन कपांच्या वर नको. दुधाने पोट भरलेलं मूल डाळ-पोळी खात नाही. जंतांचं औषध शेवटी कधी दिलं होतं तेही डॉक्टरांना विचारा. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतमुक्ती दिनाला शाळा-अंगणवाड्यांत गोळी दिली जाते, ती चुकली असेल तर सांगा.

मुलांनी नवा पदार्थ एकदा ढकलला म्हणून यादीतून खोडू नका. मुलांना नवी चव पटायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, हे अभ्यासांतून नीट दिसलेलं आहे. ओळखीच्या पदार्थाशेजारी नव्याचा एक घास ठेवा, "खाच" म्हणू नका, "संपवलंस तर चॉकलेट" तर नाहीच. तुम्ही स्वतः शेजारी बसून तेच खाल्लंत तर सगळ्यात लवकर जमतं. रविवारी तरी हे करता येईल.

सासूबाईंचं सांगते. तुम्ही त्यांना आजवर काय सांगत आलात? हे देऊ नका, ते देऊ नका. दिवसभर दोन नातवंडं सांभाळणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी आल्यावर नुसते नकार ऐकवले तर ती सेवेची बाजू घेणारच. नातवंडाने मागितलं आणि आजीने दिलं, यात तिचा आनंद आहे. तो काढून घेऊ नका, त्याची दिशा बदला. त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "आई, डॉक्टर म्हणाले छोटीचं रक्त कमी आहे. मी सातला येते, तोवर तुमच्याच हातात आहे सगळं. चारचा खाऊ तुम्ही ठरवाल का?" रिपोर्ट त्यांना दाखवा. ११.५ चा आकडाही सांगा. नातीच्या रक्ताचा प्रश्न आला की सेवेचा वाद आपोआप बाजूला पडतो. त्यांच्या माहेरी दुपारी काय करत असत ते विचारा आणि त्यातलं जे सांगतील ते आठवड्यातून एकदा तरी होऊ द्या. तयारी मात्र तुमची: फुटाणे, दाणे, परमल भरलेल्या बरण्या, वाफवलेले मूग, धुऊन ठेवलेली फळं. त्यांचे गुडघे दुखत असतील तर सगळं कमरेच्या उंचीवर ठेवा. सेवेचा डबा वरच्या फळीवर जाऊ दे आणि बाहेर सेवेची एक लहान वाटी, चमच्यासकट. यजमानांनाही यात घ्या. आईला समजावण्याचं काम एकट्या सुनेवर टाकणं मला योग्य वाटत नाही. आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना कचोरी बांधून आणणारे तेच असतील तर आधी ते थांबायला हवं.

राहिलं पाहुण्यांचं नमकीन. आपल्याकडे रिकाम्या हाताने कुणी येत नाही आणि आणलेलं परत करायचीही रीत नाही. प्रेमाने घ्या. पुडा पाहुण्यांसमोर फोडून ताटलीत मांडा, सगळ्यांनी मिळून खाऊ दे, मुलांनीही. उरलेला आणि न फोडलेला पुडा दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसात न्या, किंवा पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कुणाबरोबर नातेवाइकांना पाठवा. इंदूरच्या सेवेची तिथे वाटच बघत असतात. जवळच्या माणसांना मात्र फोनवर सांगून टाका, "येताना जामच आणा हो, छोटीला डॉक्टरांनी सांगितलंय." नुसतं नमकीन आणू नका म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. काय आणायचं ते सांगितलं तर ते हौसेने किलोभर आणतील.